वहीला रबर लावून ठेवा

तुमच्या डोक्यात सिनेमाची एक भन्नाट कल्पना आहे, हे मला कळलंय. कुठून कळलं म्हणून दचकू नका. परवा आमराईत तुम्हीच चौघांना ऐकवत होता, "कल्पना आहे, पण सांगणार नाही." एवढ्यानंही वास जातो हो. अंधेरीतले निर्माते हातातली कामं टाकून सांगलीच्या पोरांच्या डोक्यात काय शिजतंय तिकडंच कान लावून बसलेले असतात.

तेव्हा सगळ्यात आधी, लिहू नका. लिहिलं की कागद झाला, आणि कागद झाला की कुणाच्या तरी हाती लागणार. डोक्यातलं कोण नेतंय? कायदा मात्र तुमच्या बाजूचा नाही. १९७८ साली आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की कल्पनेवर, विषयावर, कथासूत्रावर कॉपीराइट नसतो. ती कल्पना तुम्ही जशी मांडलीत, त्या मांडणीवर असतो. म्हणजे आधी बसून मांडायचं! प्रसंग, संवाद, सगळं! मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही पटकथालेखकांची संघटना आहे, तिथं लिखाणाची घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, पण तीही मेली पानंच मागते.

तारखेचा पुरावा म्हणून स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाकीट धाडायची जुनी युक्ती आहे. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणून स्पीड पोस्टानं धाडा. आलेलं पाकीट फोडायचं मात्र नाही. कोर्टात त्याचा कितपत उपयोग होईल ते सोडा; आत कोरा कागद आहे हे निदान कुणाला कळणार नाही.

मित्र चहाला आला, तर आधी 'कुठं बोलणार नाही' अशा करारावर सही आणि मग चहा. शंभराचा स्टॅम्प आता चालत नाही, पाचशेचा आणा. मित्र कमी होतील, पण लेखकाला एकांत लागतोच.

आणि गावातल्या जुन्या मंडळींचा कित्ता अजिबात गिरवू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं. धनुष्य कोण मोडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी लोक बघत बसले. हरिपूरच्या देवलांनी तर मोलिएर या फ्रेंच नाटककाराची गोष्ट इंग्रजीच्या वाटेनं मराठीत आणली. भोळी माणसं! (नाटकाचं नाव 'संशयकल्लोळ'. ते मात्र तुम्हाला बघूनच सुचलं असणार.)

खबरदारी कशी घ्यावी, ते माझ्या मित्राकडून शिका. त्याची दोनशे पानी वही प्लास्टिकच्या पिशवीत असते, पिशवीला दोन रबरं, आणि जेवतानाही ती मांडीखाली. सहा वर्षं झाली. परवा विश्रामबागच्या गाड्यावर त्याला काय झालं कुणास ठाऊक, म्हणाला, "भावा, तुला म्हणून दाखवतो." मागच्या बाकावर दोन म्हातारे पेन्शनचं बोलत होते, ते उठेपर्यंत थांबला. मग आईची शपथ घ्यायला लावली, रबरं काढली, वही उघडली. पहिल्याच पानावर, चोराला कळू नये म्हणून खुणेच्या भाषेत लिहिलं होतं: 'हळदीचं पोतं. रात्र. ती — नाही!!! मग मामा (उलटा).'

पुढची पानं कोरी.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

त्यानं वही जवळ घेतली, लांब धरली, चष्मा पुसून परत बघितली. 'उलटा'वर बोट ठेवून बराच वेळ बसला. चहावर साय धरली.

"तुला काय कळलं?" त्यानं हळूच विचारलं.

"काही नाही."

"नक्की?"

"आईची शपथ."

त्यानं माझ्याकडं नीट निरखून बघितलं, दोन्ही रबरं परत चढवली, आणि फक्त स्वतःच्या चहाचे पैसे देऊन निघून गेला.