‘विमानतळासाठी निळी गाडी’ एवढ्यावर भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया मुद्द्याला धरून आहे, तेव्हा चार ओळींत उरकत नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क सबवेवरच्या (तिथल्या भुयारी रेल्वेवरच्या) माझ्या लेखाबद्दल तुमचे तीन आक्षेप आहेत. ‘लाइन’ हा शब्द मी मनाला येईल तसा वापरला. रंग दिलेले असताना अक्षरं-आकड्यांचा घोळ वाचकाच्या माथी कशाला मारायचा? आणि मुंबई मेट्रोसारखे सरळ १, २, ३ नंबर न देणं हा निव्वळ गलथानपणा आहे. शिवाय स्लो आणि फास्ट गाड्या वेगळ्या दाखवा असं तुम्ही सुचवलंत, आणि मुलीने दिलेल्या ‘विमानतळासाठी निळी गाडी’ या चिठ्ठीचाही उल्लेख केलात.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. लेखात ‘लाइन’ कधी रुळांसाठी आलं, कधी गाडीसाठी, कधी नकाशावरच्या रंगासाठी. आता रुळांना ‘मार्ग’ आणि त्यावरून धावते ती ‘गाडी’, असे दोनच शब्द ठेवले आहेत.

तिसरा आधी घेतो. मुंबईतले नंबरही तुम्ही समजता तसे क्रमाने आलेले नाहीत. ते आराखड्यातले आहेत. मेट्रो ७ चा पहिला टप्पा २०२२ मध्ये सुरू झाला, मेट्रो ३ चा २०२४ मध्ये. पण तिथे प्रत्येक मार्गाचे रूळ वेगळे आणि प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, म्हणून मार्गाचा नंबर तोच गाडीचा नंबर, हे बहुतेक ठिकाणी खपून जातं. न्यूयॉर्कची तुलना मुंबईच्या लोकलशी करा. मॅनहॅटन या शहराच्या मुख्य भागातल्या बहुतेक मुख्य मार्गांवर चार-चार रूळ आहेत, दोन फास्ट आणि दोन स्लो, आणि एकाच रुळावरून दोन-तीन वेगवेगळ्या गाड्या जातात.

काही गाड्यांना आकडे आणि काहींना अक्षरं का, याचं कारण बोगद्याच्या रुंदीत आहे. हे जाळं तिघांनी बांधलं: आयआरटी (१९०४ पासून) आणि बीएमटी या दोन खासगी कंपन्या, आणि १९३२ मध्ये सुरू झालेली शहराची स्वतःची आयएनडी. १९४० मध्ये सगळं शहराच्या ताब्यात आलं. पण आयआरटीचे बोगदे अरुंद. तिचे डबे सुमारे पावणेनऊ फूट रुंद आणि ५१ फूट लांब. बाकी दोघांचे १० फूट रुंद आणि ६० किंवा ७५ फूट लांब. रुंद डबा अरुंद बोगद्यात जात नाही. अरुंद डबा रुंद मार्गावर जाईल, पण फलाट आणि दार यांच्यात आणखी सात-साडेसात इंच फट पडेल. कुर्डुवाडीला उतरून अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे पकडलेल्यांना ही अडचण वेगळी समजवायला नको. फरक इतकाच की न्यूयॉर्कमध्ये रूळ सारख्याच मापाचे आहेत, आड येतात त्या भिंती आणि फलाट. शहराच्या क्वीन्स भागातल्या अ‍ॅस्टोरिया मार्गावर १९४९ मध्ये फलाटांच्या कडा छाटल्या, तेव्हा कुठे तिथे रुंद डबे जाऊ लागले. आजही एखादा अपवाद सोडला तर आकडा म्हणजे अरुंद गाडी, अक्षर म्हणजे रुंद. याला गलथानपणा म्हणता येणार नाही.

स्लो आणि फास्ट वेगळं दाखवायचं तुम्ही सुचवलंत, तेही करून झालंय. १९८५ पर्यंत ‘ए’ फास्ट आणि ‘एए’ स्लो अशी जोडअक्षरं होती. आता त्याची खूण ६ आणि ७ सारख्या मोजक्या गाड्यांवर उरली आहे: आकडा गोलात असेल तर स्लो, शंकरपाळ्याच्या आकारात असेल तर फास्ट.

आता रंग. इथे मी मागे हटणार नाही. सोलापूरहून होटगीपर्यंत रूळ एकच, पुढे एक फाटा कलबुर्गीकडे, दुसरा विजापूरकडे. ‘होटगीकडून जाते ना’ एवढं विचारून कोणी विजापूरला निघत नाही. गाडी कोणती ते बघतो. १९७९ पासून न्यूयॉर्कमध्ये रंग एवढंच सांगतो की मॅनहॅटनच्या मध्यभागी गाडी कुठल्या रस्त्याखालून जाते. निळा म्हणजे एट्थ अ‍ॅव्हेन्यू, नारिंगी म्हणजे सिक्स्थ. ‘एम’ ही गाडी आधी तपकिरी होती. २०१० मध्ये ती सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवरून वळवली आणि नारिंगी झाली. अक्षर तेच राहिलं, रंग बदलला.

तुमच्या मुलीने चिठ्ठीवर ‘विमानतळासाठी निळी गाडी’ लिहून दिलंय, त्याची मला खरंच काळजी वाटते. ४२व्या रस्त्याच्या पोर्ट अथॉरिटी स्टेशनात ए, सी आणि ई, तिन्ही निळ्या. ‘ए’ डाउनटाउनच्या (दक्षिणेच्या) दिशेने हॉवर्ड बीचला नेते, तिथून केनेडी विमानतळाची एअरट्रेन. ‘ई’ बरोबर उलट्या दिशेने, क्वीन्सकडे जाते आणि सटफिन बुलेव्हार्डला सोडते. एअरट्रेन तिथूनही आहे. ‘सी’ मात्र ब्रुकलिनमध्ये युक्लिड अ‍ॅव्हेन्यूलाच संपते, तिथे उतरून ‘ए’ची वाट बघावी लागते.

शिवाय ‘ए’लाही फाटा आहे. रॉकअवे बुलेव्हार्डनंतर काही गाड्या लेफर्ट्स बुलेव्हार्डला जातात, आणि त्या हॉवर्ड बीचला जातच नाहीत. पाटीवर ‘फार रॉकअवे’ (Far Rockaway) किंवा ‘रॉकअवे पार्क’ असेल तरच बसा. चुकून लेफर्ट्सची पकडलीत तर रॉकअवे बुलेव्हार्डला उतरून त्याच फलाटावर थांबा, पुढची बरोबर गाडी तिथेच येते. रात्री उशिरा ‘सी’ बंद असते आणि ‘ए’ सगळ्या स्टेशनांवर थांबते, म्हणून हाताशी जास्त वेळ ठेवा. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे गाड्या वळवतात. फलाटावरचे कागद वाचल्याशिवाय आत चढू नका.

चिठ्ठीवरचं ‘निळी गाडी’ खोडा आणि तिथे लिहा: ‘ए, डाउनटाउन, पाटी फार रॉकअवे, उतरणे हॉवर्ड बीच’.