बाराव्या घरातली परी

गुंड्या मरणार नाही हे मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. ती केर काढता काढता माझ्या मागं थांबली, पडद्यावरचं वाचलं आणि ओरडली, "अरे, ते मरतंय आणि तू बिस्किट काय खातोस!"

गुंड्या म्हणजे 'निओपेट्स' या इंटरनेटवरच्या खेळातलं माझं जनावर. जात स्कीथ. ड्रॅगनसारखा दिसतो, पोट सुटलेलं, समोर येईल ते खातो. या खेळात जनावराची भूक शब्दांत दाखवतात. पोटाला तडस लागल्यावर 'ब्लोटेड' आणि अगदी खालच्या टोकाला 'डाइंग'. पण ते डाइंग नुसतं म्हणायला. जनावर वर्षानुवर्षं डाइंग राहतं, मरत मात्र नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचंही तसंच आहे.

साल 2006. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिल्यामुळे मी सांगलीला घरी बसलो होतो. अण्णांना वाटू नये की वेळ वाया घालवतोय, म्हणून मी त्यांना माहिती पुरवली: हा खेळ 1999 साली अ‍ॅडम पॉवेल आणि डॉना विल्यम्स या ब्रिटिश जोडीनं सुरू केला आणि 2005 साली व्हायाकॉमनं तो 16 कोटी डॉलरला विकत घेतला. अण्णा म्हणाले, "त्यांचे विषय राहिले नव्हते."

आता खरं दुखणं. या खेळात अधूनमधून एक मोठी गोष्ट सुरू होते. थोडी चित्रकथा दाखवतात आणि मग सांगतात, पुढचं कोडं तुम्ही सोडवा, नाहीतर बसा तसेच. खेळणारे याला 'प्लॉट' म्हणतात. मी एकदा व्हरांड्यात उभा राहून मित्राला फोनवर म्हणालो, "माझा अल्टाडोरचा प्लॉट अडकलाय रे, दीड महिना झाला." शेजारचे काका जास्वंदीला पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली. "एनए झालाय का? आधी सातबारा बघ." संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की आम्ही विश्रामबागच्या पलीकडं कुठंतरी जागा घेतली आणि फसलो. आईला दोन दिवस लोक धीर देत होते.

तर अल्टाडोर. हे एक हरवलेलं राज्य. अल्टाडोर नावाचाच राजा, तोही धरून 12 वीर. त्यातली एक काळी परी फितूर झाली आणि सगळा घोटाळा झाला. आपण काय करायचं, तर दुर्बीण मिळवायची आणि आकाशात 12 तारकासमूह शोधायचे. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात काळ्या पडद्यावर सांडलेली खसखस. त्यातले नेमके तारे निवडायचे आणि रेघांनी जोडायचे. एक तारा शेजारचा धरला की संपलं. 'जवळपास आलात हो' असं सांगायचं सौजन्यही नाही.

बरं, कुणाचं बघून करावं, तर प्रत्येक खेळाडूचं आकाश वेगळं! आमच्या कॉलेजला हे कधी सुचलं नाही हे माझं नशीब, नाहीतर राहिलेले विषय दोनवर थांबले नसते. वर सांगलीत तेव्हा लोडशेडिंग. मी शेतकरी नावाचा तारकासमूह अर्ध्यावर आणला की महावितरण आकाश विझवायची.

अशाच एका संध्याकाळी वीज आली आणि मागून अण्णांचा आवाज आला, "ही कुठली पत्रिका?"

अण्णा बँकेतून निवृत्त झाल्यावर लोकांच्या पत्रिका जुळवायचे. मी म्हटलं, "12 तारकासमूह आहेत, अण्णा." '12' ऐकल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. चष्मा बदलला. त्या दिवसापासून माझा प्लॉट माझा राहिला नाही.

अण्णांनी दाते पंचांगाच्या पाठकोऱ्या कागदावर आकाश उतरवून काढलं, म्हणजे लाइट गेले तरी काम चालू. आक्षेप मात्र फार. "ही नर्तकी? हा वाकलेला झारा आहे." चोर नावाचा तारकासमूह बघून म्हणाले, "आपल्याकडं त्याला वेगळा ठेवत नाहीत, शनी सांभाळतो." फितूर परीची गोष्ट सांगितल्यावर मात्र ते खूश झाले. "12 जणांत एक बुडवणारा असायचाच. बारावं स्थान व्ययाचं. तुझ्या पत्रिकेत तिथं कोण बसलंय सांगू?" मी नको म्हटलं. त्यांनी सांगितलं.

नऊ दिवसांत अण्णांनी आकाश पुरं केलं. मला फक्त माउस हलवायला ठेवलं होतं.

प्लॉट पुरा करणाऱ्याला अल्टाडोरचा राजा रोज एक भेटवस्तू देतो. पण 'रोज' म्हणजे त्यांचा रोज. खेळाचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं, त्यामुळे तिथला नवा दिवस आपल्याकडं दुपारी साडेबाराला उजाडतो, थंडीत दीडला. आमच्याकडं ही पानं मांडायची वेळ. अण्णा पहिला वरण-भात झाला की विचारायचे, "राजानं काय दिलं?" मी उष्ट्या हातानं सांगायचो. एका व्याह्यांसमोरही त्यांनी हे विचारलं. ते स्थळ पुढं सरकलं नाही.

पुढं विषय सुटले, नोकरी लागली, गुंड्या विसरला.

मागच्या महिन्यात सुट्टीला सांगलीला गेलो होतो. पासवर्ड आठवायला दीड तास गेला. गुंड्या होता. डाइंग होता. टिरॅनियाच्या पठारावर एक प्रचंड ऑम्लेट असतं, त्याचा तुकडा रोज फुकट मिळतो. तो आणून मी भरवणार, इतक्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा आता 84 वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं, दिसतं सगळं.

"आज एकादशी आहे," ते म्हणाले. "ऑम्लेट नको."

"अण्णा, किती वर्षं उपाशी आहे तो."

"मग अजून एक दिवस."

फुकट मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे जेली वर्ल्डमधली जेली. या जेली वर्ल्डची गंमत अशी की तिथं जाता येतं, जेली आणता येते, पण 'जेली वर्ल्ड असं काही नाहीच' असं खेळवाले वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आलेत. मी हे सगळं अण्णांच्या कानाशी मोठ्यानं ओरडून सांगितलं.

अण्णांनी डोळे मिटून विचार केला. "जागाच नाही म्हणतोस? मग जेली चालेल. घाल."