मोठा कुत्रा लळा लावत नाही म्हणे

संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागेल, वाचायचं तर वाचा.

बी विंगमधलं एक तरुण जोडपं आज घरी आलं होतं. कुत्रा पाळायचाय, पण विकत नाही, दत्तकच घ्यायचाय, म्हणून मला विचारायला आलेले. इतकं बरं वाटलं मला! चहा टाकला, आईने चिवडा काढला. आमचा म्हातारा कुत्रा आबा नेहमीसारखा दिवाणावर गोधडीत पसरलेला. मी मोबाइलवर त्यांना शेल्टरमधल्या एका कुत्रीचा फोटो दाखवला. आबाच्याच जातीची, सात वर्षांची, शांत. पोरीने फोटो बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको ताई. मोठा कुत्रा लळा लावत नाही ना. पिल्लू कसं, आपल्यालाच आई-बाबा समजतं."

हे ती आबाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. आणि आबाने तिच्या मांडीवर हनुवटी टेकलेली.

आबा आमच्याकडे आला त्याला आता पावणेदोन वर्षं होतील. घोडबंदर रोडला एका बंद दुकानापुढे सापडलेला. कारवानी हाउंड. लातूर-सोलापूरकडे शेतावर ठेवतात ती जात, लांब पायांची, नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखी पळणारी. त्याच्या भावकीतल्या मुधोळ हाउंडचं २००५ साली टपाल तिकीट निघालंय, आणि हा इथे रस्त्यावर. डॉक्टरांनी दात बघून नऊएक वर्षांचा असेल म्हणून सांगितलं. तोंड पांढरं झालेलं, म्हणून आईने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, आबा. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा होता. म्हणजे भटका नव्हता, कुणाचा तरी होता.

पहिले पाच दिवस तो आमच्यासमोर जेवला नाही. दहीभात, उकडलेलं चिकन, आईने तर तूप घालून पोळी कुस्करून दिली. ताटलीपासून दोन हातांवर उभा राहायचा, कान मागे, नजर अन्नावर, आणि तोंडातून लाळेची तार खालच्या फरशीपर्यंत. भूक तर दिसत होती. "खा रे", "खा ले बेटा", "ईट", सगळं म्हणून झालं. रात्री दिवे घालवून आम्ही आत गेलो की सकाळी ताटली लख्ख. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, रक्त तपासलं. गोचीडताप नाही, किडन्या ठीक, काही सापडेना.

सहाव्या दिवशी रविवार होता. डोंबिवलीहून भाचा आलेला, दुसरीतला. त्यांच्या शाळेत डबा उघडण्याआधी म्हणायला लावतात, तसं त्याने पानावर बसून हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात वदनी कवळ सुरू केलं. आबाची ताटली तिथेच कोपऱ्यात होती. आबा चालत त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. पूर्ण श्लोक ऐकला. "जय जय रघुवीर समर्थ" झालं, तसा वळला, कोपऱ्यात गेला, मान खाली घातली आणि जेवायला लागला.

मी आमटीचा डाव हातात घेऊन तशीच उभी. आईच्या डोळ्यांना धार लागली. रात्री आईने मुद्दाम म्हणून बघितलं. तेच. शेवटच्या शब्दापर्यंत थांबला आणि मग जेवला.

आता सांगा मला, मोठा कुत्रा लळा लावत नाही?

कुणाच्या तरी घरात हा लहानाचा मोठा झाला. पानं मांडली जात होती, सगळे एकत्र बसत होते, याचंही पान असायचं, आणि श्लोक होईपर्यंत यालाही थांबायला शिकवलं होतं. तिथून याला गाडीत घालून घोडबंदरला आणून सोडलं. आणि हा पाच दिवस भरल्या ताटलीपुढे उभा राहून कशाची वाट बघत होता? तर त्या घरातल्या शिस्तीची. लळा आणखी कसा असतो हो?

कायद्याचं तर बोलूच नका. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६० चा कायदा आहे. जनावर उपाशीतापाशी सोडून देणं हा त्यात गुन्हाच धरलाय. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव खाल्लेत की तेवढे होतात. नऊ वर्षांच्या इमानाची एवढी किंमत. लिहिताना हात थरथरतायत माझे.

आई मात्र मला नेहमी गप्प करते. म्हणते, "ज्याने श्लोक शिकवला त्यानेच सोडला कशावरून? तो माणूसच गेला असेल." हे मला पटत नाही असं नाही. असतील कुणी आजोबा. गेले असतील, नाहीतर मुलाने अमेरिकेत नेलं असेल. किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याच्या घराचा मालक म्हणाला, कुत्रा चालणार नाही. या शहरात माणसाला घर मिळत नाही, तिथे कुत्र्याचं काय, हेही मान्य. पण मग फोन करा ना कुणाला तरी! फोटो टाका, महिनाभर घर शोधा. रस्ता हे उत्तर कसं होऊ शकतं?

त्या आजोबांचा विचार आला की माझा राग थोडा उतरतो. रोज संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं की आबा मान वर करतो. कुणासाठी ते आम्हाला कधीच कळणार नाही.

पिल्लांना घर मिळू नये असं मी म्हणत नाहीये, त्यांनाही हवंच. पण पिल्लू म्हणजे वर्षभर चपला, वायरी, रात्रीचं रडणं, जिथे-तिथे शू. तुम्ही दोघं सकाळी आठची लोकल पकडणार, त्याच्याकडे बघणार कोण? आबा आला त्या दिवसापासून घरात एकदाही घाण केली नाही. शिकारी जात म्हटलं की लोकांना वाटतं धावायला मैदान लागेल. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरतो आणि उरलेला दिवस झोपतो.

त्याच्या फासळ्या दिसतात म्हणून खाली बाकावरची माणसं विचारतात, "जेवायला घालत नाही का?" अहो, या जातीची ठेवणच तशी असते. अंगावर चरबी नाही, म्हणून टणक फरशीवर कोपरांना घट्टे पडतात, थंडी वाजते. आईच्या दोन गोधड्या गेल्या त्यात. छाती खोल असल्यामुळे पोटाला पीळ पडायची भीती, म्हणून एकदम भरपेट नाही, दोन वेळा थोडं थोडं, आणि जेवल्यावर उड्या नाहीत. डोळ्यांत निळसर झाक आलीय, पण डॉक्टर म्हणाले ती वयाची आहे, मोतीबिंदू नव्हे. त्याला व्यवस्थित दिसतं. समोरच्या गच्चीवरचं मांजर तर आमच्या आधी दिसतं! फरशीवर पाय घसरतात म्हणून दारापासून दिवाणापर्यंत पायपुसण्यांची वाट केलीय. पावसाळ्याआधी लेप्टोची लस. झालं, एवढंच.

खर्च होतो, हो. गेल्या वर्षी दाताचं ऑपरेशन झालं तेव्हा माझं बजेट कोलमडलं होतं. आणि हो, तो आमच्यातून लवकर जाईल, हेही मला कळतं. हे सांगायला प्रत्येक जण येतो. माझी आई एक्याऐंशीची आहे. तिच्याबद्दल असा हिशोब कुणी माझ्यासमोर करत नाही.

त्या पोरीवर मी चिडले नाही. पोरगी चांगली आहे, जाताना दारात वाकून परत आबाचे कान कुरवाळत होती. नवरा लिफ्ट धरून उभा, हिचा पाय निघेना. तिला कुणी सांगितलंच नसेल. म्हणून तिलाही इथे टॅग करतेय, रागावू नकोस गं.

त्या सात वर्षांच्या कुत्रीचा फोटो खाली टाकलाय. लसीकरण झालंय, नसबंदी झालीय, जिना चढता येतो, माणसांत रमते. घरात मांजर असेल तर मात्र नको, पळणारं काही दिसलं की ती थांबत नाही. सोसायटीवाले कुत्रा पाळू देणार नाहीत असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मी पाठवते. आधी नुसतं भेटायला या. मी रविवारी सोबत येईन, मुलुंडहून ट्रेनने जाऊ.

आता थांबते. आबाची ताटली वाढलीय, तो उभा आहे, आणि आईने कवळी काढून ठेवलीय, तेव्हा आज श्लोक मला म्हणायचाय.