नवागतांपासून ज्ञानकोशाचे रक्षण कसे करावे

विकिपीडियासारख्या, कोणालाही लिहिता येणाऱ्या मुक्त ज्ञानकोशावर जाहिरातबाज कोण आणि नवखा कोण हे ओळखता येत नाही, अशी तक्रार नवी संपादने तपासत गस्त घालणारे सदस्य वारंवार करतात. ही तक्रारच चुकीच्या समजुतीवर उभी आहे. दोघांत फरक आहे असे एकदा मानले की तो शोधण्याचे काम मागे लागते, आणि ज्याला एका संध्याकाळी ताज्या संपादनांची नोंद ठेवणाऱ्या ‘अलीकडील बदल’ या पानाची अख्खी यादी निपटायची आहे त्याला असला चोखंदळपणा परवडत नाही. तेव्हा ज्यांना नुकतेच प्रचालकपद, म्हणजे लेख काढण्याचा आणि खाती बंद करण्याचा अधिकार, मिळाले आहे, किंवा ते मिळावे म्हणून जे चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, अलीकडे विशेष नम्रतेने बोलू लागले आहेत, अशा आपणां सर्वांना पहिली विनंती हीच की, हा फरक मनातून काढून टाकावा.

इतिहास या बाबतीत आपल्याच बाजूने उभा आहे. वेब घरोघरी पोहोचण्यापूर्वी यूजनेट नावाचे चर्चागटांचे जाळे होते. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांतले नवे विद्यार्थी तेथे येत, काही दिवस गोंधळ घालत, आणि जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवून आपल्यांत सामावून घेत. १९९३ च्या सप्टेंबरापासून मात्र व्यावसायिक सेवांच्या ग्राहकांचा ओघ सुरू झाला आणि तो थांबेचना. जुन्यांनी त्याला कधीही न संपणारा सप्टेंबर म्हटले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, १२ एप्रिल १९९४ रोजी, अ‍ॅरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीसंबंधीची आपली जाहिरात हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. नवी माणसे आणि जाहिराती पाठोपाठ एकाच दाराने आत आल्या, तेव्हा ती सगळी एकाच टोळीतली असली पाहिजेत हे सिद्ध करायला आणखी कोणता पुरावा हवा?

आता आपल्या अंगणात यावे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून तो हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या प्रचालकांच्या खांद्यांवर उभा आहे. ही माणसे विनावेतन काम करतात, सट्ट्याच्या अ‍ॅपचे दुवे, झटपट कर्जाचे क्रमांक आणि वजन घटवणाऱ्या चूर्णांची महती रात्री जागून पुसतात, आणि त्यांचे आभार फारसे कोणी मानत नाही. त्यांचा वैताग खरा आहे. तो कोणावर काढायचा एवढाच प्रश्न उरतो, आणि तेथे आमचा अनुभवी सल्ला असा की, जो हाताशी सापडेल आणि उलट उत्तर देणार नाही त्याच्यावर काढावा.

एक उदाहरण घेऊ. एका जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका आपल्या गावावर लेख लिहायला घेतात. पहिले वाक्य असे: ‘आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून ग्रामदैवत भैरवनाथाची यात्रा चैत्रात भरते.’ या एका वाक्यात आपल्याला तीन गुन्हे दिसले पाहिजेत. ‘आमचे’ म्हटल्याने तटस्थता गेली. ‘निसर्गाच्या कुशीत’ हे पर्यटनाच्या पत्रकात शोभणारे शब्द आहेत, म्हणजे जाहिरात झाली. यात्रेला संदर्भ दिलेला नाही. विचारल्यावर बाई सांगतील की, ही माहिती गावातल्या जाणत्या माणसांकडून घेतली आहे. जाणत्या माणसांना पृष्ठ क्रमांक नसतो, हे त्यांना ठणकावून सांगावे. शेवटी त्यांनी ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळाचा दुवा दिलेला असतो, आणि नव्या खात्याने पहिल्याच संपादनात बाहेरचा दुवा द्यावा याहून स्पॅमचे ठळक लक्षण कोणते? लेख काढावा. कारण लिहिताना ‘जाहिरात’ एवढा एकच शब्द लिहावा; सविस्तर लिहिले तर त्या समजून घेतील, चूक दुरुस्त करतील आणि उद्या पुन्हा येतील.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका खात्याने ‘युवा उद्योजक, प्रेरणादायी वक्ते व समाजसेवक’ अशा कोणा गृहस्थांवर लेख टाकलेला असेल. त्याकडे आपण आदराने पाहावे. उजवीकडे माहितीचौकट नीट भरलेली आहे. जन्मस्थळापासून पुरस्कारांपर्यंत प्रत्येक वाक्याला संदर्भाचा आकडा लावलेला आहे. विशेषणे बेताची आहेत, वर्गवारी अचूक आहे, आणि हे खाते काही आठवडे आधीपासून इतर लेखांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारत आलेले असल्याने त्याच्या नावावर शंभरेक निरुपद्रवी संपादनेही जमा आहेत. संदर्भ उघडून पाहिले तर ते सारे पैसे घेऊन मजकूर छापणाऱ्या बातमीदार संकेतस्थळांचे निघतील, आणि सर्वांत तेच प्रसिद्धीपत्रक स्वल्पविरामासकट, त्याच दिवशी छापलेले आढळेल. पण संदर्भ उघडून पाहण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. ते आहेत, एवढे पुरे.

भाबडी माणसे येथे विचारतील की, नियम मोडणारी बाई बाहेर आणि नियमांचा वापर करणारा भामटा आत, हे कसे? उत्तर सरळ आहे. त्या गृहस्थांचा लेख लिहिणाऱ्याचा हा धंदा आहे. उल्लेखनीयतेचे निकष, संदर्भांचे नियम आणि आपल्या प्रचालकांच्या झोपण्याच्या वेळा त्याने पोटासाठी पाठ केलेल्या असतात. बाईंना मात्र शाळा सुटल्यावर, पोळ्या करून झाल्यावर जो अर्धा तास मिळाला त्यात त्या लिहायला बसल्या. सोसायटीचा वॉचमन रविवारी आलेल्या मावशीला वहीत नाव, गाव, मोबाइल आणि सही करायला लावतो, आणि फाइल बगलेत मारून ‘सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलंय’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला सलाम ठोकतो. त्याला कोणी निष्काळजी म्हणत नाही, कारण वही तर भरलेली असते.

ही व्यवस्था भामट्यांना किती मानवते, याचा पुरावा इंग्रजी विकिपीडियाने २०१५ साली जगाला दिला. तेथे पैसे घेऊन लेख लिहिणाऱ्या एका जाळ्यातील ३८१ खाती त्या ऑगस्टमध्ये बंद करण्यात आली आणि त्यांनी तयार केलेले दोनशेहून अधिक लेख काढण्यात आले. या मंडळींची कार्यपद्धती अभ्यासण्यासारखी आहे. लहान व्यावसायिकांचे जे मसुदे नाकारले गेले होते ते त्यांनी हेरले, त्या व्यावसायिकांना गाठून ‘आम्ही आतले आहोत, पैसे द्या, लेख लावून देतो’ असे सांगितले, आणि लेख लागल्यावर तो टिकवून ठेवण्यासाठी पुन्हा पैसे मागितले. म्हणजे नवख्याला दारातून परत पाठवण्याचे जे काम गस्तीची मंडळी फुकट करत होती, त्याच कामावर हा धंदा उभा होता. आपली गस्त कडक करताना हे लक्षात ठेवावे: आपण कोणाचा तरी रोजगार निर्माण करत असतो.

यंत्रांची मदत अवश्य घ्यावी. त्यांत सर्वांत देखणे साधन म्हणजे वेड्यावाकड्या अक्षरांचे कोडे. मराठी ज्ञानकोशात, मराठी कळफलकावरून, मराठी मजकूर लिहिणाऱ्या माणसाने आपण मनुष्य आहोत हे रोमन लिपीतले इंग्रजी शब्द ओळखून सिद्ध करावे, या योजनेतील सौंदर्य एकदा डोळे मिटून अनुभवावे. डोळे मिटलेले असतील तर ते कोडे सुटणार नाही हे खरे, कारण दृष्टिहीनांसाठी आवाजी पर्याय कित्येक वर्षे दिलाच गेला नव्हता; पण प्रत्येक सुरक्षेची किंमत कोणीतरी चुकवतोच, आणि ती आपण चुकवत नसल्याने आपल्याला ती रास्त वाटते. राहिला प्रश्न स्पॅमवाल्यांचा. २०१० च्या सुमारासच अशी कोडी माणसांकडून सोडवून घेण्याचा बाजार स्थिरावला होता, दर हजार कोड्यांना साधारण एक डॉलर होता, आणि ती सोडवणाऱ्यांत भारत, बांगलादेश व चीनमधील तरुण होते. तेव्हा कोड्याने जाहिरातबाज अडत नाही, त्याचा खर्च हजारामागे एका डॉलरने वाढतो. अडतात त्या बाई, कारण त्यांच्याकडे अशा कामासाठी माणूस ठेवलेला नसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा आक्षेप काही जण घेतात. पण बंबाला घंटा आहे, ती दूरवर ऐकू जाते, आणि सोमेश्वरातील रहिवाशांना आपण जागे आहोत याची खात्री पटते.

वेगाचेही महत्त्व आहे. नवा सदस्य बहुधा एक ओळ लिहितो, घाबरत ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबतो आणि दुसरी ओळ लिहायला घेतो. दुसरी ओळ पूर्ण होण्याआधी पहिली उडवावी. त्याच्या चर्चापानावर दोन साचे, म्हणजे तयार मजकुराच्या चौकटी, एकाखाली एक चिकटवाव्यात: वर फुलांच्या चित्रासह ‘आपले सहर्ष स्वागत आहे’, आणि खाली लाल चौकटीत ‘आपला लेख काढून टाकण्यात आला आहे’. दोन्हींवरील वेळेत एका मिनिटाचा फरक असल्यास आतिथ्य आणि शिस्त यांचा मेळ साधला असे समजावे. साच्यांत किमान दहा धोरणपानांचे दुवे असावेत, आणि त्यांतली काही पाने अजून इंग्रजीतून मराठीत आलेली नसावीत.

या उपायांनी काय साधते, याचे उत्तर अंदाजावर सोडलेले नाही. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर, म्हणजे ५१ हजारांच्या आसपास होती. २०१३ पर्यंत ती ३१ हजारांच्या घरात आली. संशोधक हॅफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले की, उपद्रव आटोक्यात ठेवण्यासाठी उभारलेली यंत्रे आणि घट्ट होत गेलेले नियम चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची संपादनेही उडवत गेले, आणि ती माणसे टिकली नाहीत. हॅफेकर यांना हे दुःखद वाटले असावे. आपण त्यात यश पाहावे: संपादक कमी झाले की अलीकडील बदलांची यादी आखूड होते, आणि आखूड यादी स्वच्छ ठेवणे सोपे जाते. इंग्रजीला हजारोंनी माणसे गमवावी लागली. मराठीत पाचपन्नास गेली तरी तोच परिणाम साधतो, यात आपल्या भाषेची काटकसर दिसते.

काही मार्ग कटाक्षाने टाळावेत. इंग्रजी विकिपीडियाने २००७ च्या जानेवारीत बाहेरच्या सर्व दुव्यांवर अशी खूण लावली की, शोधयंत्रांनी त्यांना महत्त्व देऊ नये. जाहिरातबाजाच्या कमाईतला एक वाटा त्यामुळे परस्पर गेला, आणि एकाही नवख्याला त्याचा पत्ता लागला नाही. असल्या मुक्या उपायांत प्रचालकाचे नाव कोठेच येत नाही, हा त्यांतला मोठा दोष आहे. कुख्यात संकेतस्थळांची काळी यादी अद्ययावत ठेवणे, एकाच मजकुराची खाती जुळवून पाहणे, ‘इतिहास’ उघडून त्या खात्याने आधी काय केले हे वाचणे, ही कामेही तशीच नीरस. त्याहून वाईट खोड २०१२ साली इंग्रजीत निघाली. नवख्यांनी कितीही बावळट प्रश्न विचारावेत आणि कोणीतरी माणसासारखे उत्तर द्यावे, यासाठी त्यांनी टीहाउस नावाचे एक पानच उघडले. पुढे मोजून पाहिले तर ज्यांना तेथे येण्याचे आमंत्रण मिळाले ते न मिळालेल्यांपेक्षा अधिक टिकले. चहा पाजला तर माणूस बसतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको होते. म्हणूनच तर आपण पाजत नाही.

एवढे करूनही कोणी लिहीत नाही अशी ओरड झाली, तर ती आपणच सर्वांत आधी करावी. चावडीवर ‘मराठी माणसाला ज्ञाननिर्मितीची आस्थाच नाही’ असा परिच्छेद लिहावा आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात कार्यशाळा ठेवावी. प्राचार्यांचे भाषण, दीपप्रज्वलन, मग तीस विद्यार्थी एकदम खाती उघडायला बसतील. एका अंकपत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात, ही मर्यादा स्पॅमसाठीच घातलेली आहे आणि ती उठवून घेण्यासाठी आधी अर्ज करता येतो. अर्ज करू नये. सातव्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर नकार आला की सर्वांनी एकमेकांकडे पाहावे आणि प्राचार्यांनी महाविद्यालयाचे इंटरनेट तपासायला शिपाई पाठवावा.

ज्यांना खाती मिळाली ते सहा जण तोवर लिहू लागलेले असतात. सहाही नवी खाती, एकच अंकपत्ता, एकच दुपार, आणि सहाही जण लिहिणार ते आपल्याच महाविद्यालयाविषयी, कारण मार्गदर्शकांनी ‘माहितीच्या विषयापासून सुरुवात करा’ असे सांगितलेले आहे. ही एकाच माणसाने जाहिरातीसाठी उघडलेली बनावट खाती नव्हेत, असे घरी बसून गस्त घालणाऱ्या आपल्या सहकाऱ्याने का मानावे? चहापानाच्या सुटीपर्यंत सहाही बंद व्हायला हरकत नाही. प्रमाणपत्रे आधीच छापून आणलेली असल्याने ती तिसांनाही द्यावीत, छायाचित्र काढावे, आणि ते बातमीसोबत पाठवताना ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठाचा दुवा जोडायला विसरू नये.