शेजाऱ्याच्या नोंदींशिवाय आपला अंदाज उभा राहत नाही

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: उपग्रह आले, मोबाइलवर अ‍ॅप आली, आता हवामानाची आणि नद्यांची माहिती शेजारी देशांशी वाटून घेणं म्हणजे पैशांचा चुराडा. त्यातून देशाची गुपितं बाहेर जातात, गरीब देश आयतं खातात, आणि एवढं करूनही वादळात माणसं मरायची ती मरतातच. यातला शेवटचा मुद्दा तेवढा गंभीर आहे. बाकीचे टिकत नाहीत.

‘उपग्रहाला सगळं दिसतं.’ नाही दिसत. जमिनीलगतचा हवेचा दाब उपग्रहाला थेट मोजता येत नाही. दाट ढग आडवे आले की अवरक्त कॅमेऱ्याला ढगांचा माथा दिसतो, खालची हवा नाही. २०२० मध्ये कोविडमुळे विमानं थांबली तेव्हा विमानांकडून येणाऱ्या हवामानाच्या नोंदी सरासरी ७५ ते ८० टक्क्यांनी घटल्याचं जागतिक हवामान संघटनेने सांगितलं, आणि अंदाजांच्या दर्जाबद्दल काळजीही व्यक्त केली. उपग्रह तेव्हाही सगळे जागेवरच होते. आणि अ‍ॅप तर स्वतः काहीच मोजत नाही. देशोदेशींच्या नोंदींवर चालणाऱ्या संगणकीय प्रारूपांचे आकडे ते दाखवतं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा दाखला देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. कृत्रिम बुद्धिमत्तेने हवामानाचा अंदाज बांधणारी ग्राफकास्टसारखी नवी प्रारूपं ज्या माहितीवर शिकली, ती युरोपीय देशांच्या सामाईक हवामान-अंदाज केंद्राने जगभरातून जमलेल्या अनेक दशकांच्या नोंदी जुळवून तयार केली आहे.

‘गुपितं बाहेर जातात.’ दुसऱ्या महायुद्धात हवामानाच्या नोंदी खरोखरच लपवल्या जात. पण पुढचा इतिहासही पाहा. १९६२ मध्ये क्यूबावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या काठावर उभे होते. १९६३ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ‘वर्ल्ड वेदर वॉच’ ही देशोदेशींच्या हवामान-नोंदी गोळा करून वाटून घेण्याची योजना मंजूर केली आणि तिची तीन जागतिक केंद्रं ठरली: वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या देशांनाही तापमान, वारा आणि दाब यांच्या नोंदी वाटून घेणं परवडलं, कारण त्यावाचून कोणाचाच अंदाज पुढे सरकत नव्हता.

आयतं खाण्याचा आरोप दोन वाक्यांत संपतो. महासागरातल्या एखाद्या छोट्या बेटावरून सोडलेल्या हवामान-फुग्याची नोंद हजारो किलोमीटरवरच्या श्रीमंत देशाचा अंदाज सुधारते. म्हणून तर गरीब देशांतली निरीक्षण केंद्रं चालती ठेवण्यासाठी २०२१ मध्ये खास आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला.

पाण्याबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण त्या मजकुरातला सर्वात घातक भाग तोच आहे. ‘आपली नदी, आपलं पाणी, आपणच मोजू,’ असं त्यात म्हटलं आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघनेच्या एकत्रित पाणलोट क्षेत्राचा ९० टक्क्यांहून अधिक भाग बांगलादेशाच्या बाहेर आहे. त्या देशाने फक्त स्वतःच्या हद्दीत मोजमाप केलं, तर पूर कळेल तो सीमा ओलांडून आत आल्यावर. वरच्या देशातली पाणीपातळी, पाऊस आणि धरणातून सोडलेला विसर्ग वेळेवर कळला तर हातात काही दिवस मिळतात. गुरं हलवायला, कापणीला आलेलं पीक काढायला, धान्य उंचावर न्यायला तेवढे दिवस लागतातच. युरोपही हे पोळूनच शिकला. २००२ मध्ये एल्ब आणि डॅन्यूबला महापूर आले, त्यानंतर सामाईक पूर-पूर्वसूचना व्यवस्थेवर काम सुरू झालं आणि २०१२ पासून ती रीतसर चालू आहे.

यावर उलट सांगितलं जातं की असे करार ऐनवेळी दगा देतात. देतात, खरं आहे. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव असताना ब्रह्मपुत्रेच्या नोंदी चीनकडून मिळाल्या नाहीत, असं भारताने जाहीरपणे सांगितलं होतं. पण ज्या नोंदी थांबल्या म्हणून खालच्या देशाला घोर लागतो, त्या निरुपयोगी कशा म्हणायच्या? असे करार राजकारणाच्या झटक्यांतून वाचतील इतके घट्ट कसे करायचे, हा खरा प्रश्न आहे.

आता ‘माणसं मरतातच’ हा मुद्दा. २००८ च्या नर्गिस चक्रीवादळाआधी भारतीय हवामान विभागाने म्यानमारला इशारे दिले होते. तरीही इरावदीच्या त्रिभुज प्रदेशात मृत आणि बेपत्ता मिळून १ लाख ३० हजारांहून अधिक माणसं गेली. इशारा सरकारपर्यंत पोचला, गावांपर्यंत पोचला नाही. बांगलादेशाचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहा. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान ३ लाख माणसं मेली. त्यानंतर चक्रीवादळांच्या इशाऱ्यांसाठी एकत्र काम करणारा बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट १९७२ मध्ये स्थापन झाला. बांगलादेशाने स्वतःच्या किनाऱ्यावर निवारे बांधले आणि ध्वनिवर्धक घेऊन गावोगाव फिरणारे स्वयंसेवक तयार केले. त्यांची संख्या पुढे ७० हजारांवर गेली. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा तिथे २० लाखांहून अधिक लोक आधीच निवाऱ्यात पोचले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्याही बरीच खाली राहिली.