मिलिटरीच्या जनरेटरची मेलेली बॅटरी जिवंत होते म्हणे! कुठं खरंय, कुठं खोटंय, मुद्द्यावार सांगतो

गेल्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ मला दहा-बारा जणांनी पाठवला. लिलावातून आणलेला मिलिटरीचा जुना डिझेल जनरेटर, त्याच्या दोन बॅटऱ्या वर्षानुवर्षं पडून, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं की नवीन बॅटरीवर पैसे घालू नका, मिलिटरीची बॅटरी मरत नसते, एप्सम सॉल्ट नावाचं मीठ टाका, वेल्डिंग मशीनचा झटका द्या, कसातरी सेट (म्हणजे जनरेटर) चालू करून त्याच्याच चार्जिंगवर रात्रभर सोडा, मीटरवर १२.६ दिसलं की झाली नव्यासारखी. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, वीस वर्षं झाली बॅटऱ्याच उचलतोय, आणि आता गिऱ्हाईक दुकानात येऊन "भाऊ, मीठ टाकून बघू का" असं विचारायला लागलंय म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण सगळा गोंधळ तिथंच आहे. उतरलेली बॅटरी वेगळी आणि मेलेली बॅटरी वेगळी. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि ॲसिड पातळ होत जातं. हे सल्फेट ताजं असलं तर चार्जिंगला लावल्यावर परत ॲसिडमध्ये जातं. महिनोन्महिने तसंच पडलं तर त्याचे खडे मोठे आणि टणक होतात, मग ते निघता निघत नाहीत, पण त्यातलं थोडंफार मंद चार्जिंगनं निघू शकतं. इथपर्यंत बॅटरी उतरलेली. पण प्लेटांचा मसाला (प्लेटेवरचा काम करणारा लेप) झडून खाली गाळ साचला, प्लेटांची जाळी आतनं कुजली, एखादा सेल (बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी एक) शॉर्ट झाला, की ती मेली. झडलेला मसाला कुठल्याही चार्जरनं परत प्लेटेवर चढत नाही. व्हिडिओत उतरलेली बॅटरी उठवलीय आणि नाव दिलंय मेलेलीचं.

आता "मिलिटरीची बॅटरी मरत नाही" हे. अमेरिकेत सैन्याचे जुने सेट, म्हणजे ५ किलोवॅटचा एमईपी-८०२ए, १० किलोवॅटचा ८०३ए, लोक घरासाठी घेतात, त्यात १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला एक पुढं जोडून) लावून २४ व्होल्टचा स्टार्टर फिरवतात. डबा दणकट असतो, मान्य. पण आत तेच शिसं आणि तेच ॲसिड, १८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्तों प्लान्टेनं बनवलं त्याच जातीचं. आणि बॅटरी नुसती पडून असली तरी आपोआप उतरते, तापमान दर १० अंश वाढलं की उतरायचा वेग साधारण दुप्पट धरायचा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्री, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये सेट. थंड मुलखात जी बॅटरी चार-सहा महिने निभावते ती इथं दिवाळीला ठेवून अक्षय्य तृतीयेला बघितली तर बसलेली असणारच, वर्दीवाल्याची असो नाहीतर ट्रॅक्टरवाल्याची.

"मीटरवर १२.६ दिसलं की तयार" हा मुद्दा सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागच्या मार्चमध्ये होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी बोलावलं, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लिलावातला २४ व्होल्टवाला सेट, पुढच्या आठवड्यात लग्न, आणि अण्णांच्या भाच्यानं व्हिडिओ बघून दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून ठेवलेल्या, मिठाची पुडी आणलेली पण टाकायची राहिलेली, नशीब. मीटर लावला, एक १२.६, दुसरी १२.५, चार्जर काढून तासही झाला नव्हता. भाचा खूश. बटण दाबलं, तर रिलेचा कट्-कट्-कट् आवाज आणि पॅनेलचा दिवा मंद होऊन विझला. मग मी मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलला धरून ठेवल्या आणि भाच्याला म्हटलं आता दाब. पहिली १०.१ वर थांबली. दुसरी सरळ पाचाच्या खाली.

बूचं उघडून हायड्रोमीटर (ॲसिड किती जड, म्हणजे किती कडक, ते मोजायची काचेची नळी) घातला. पहिल्या बॅटरीचे सहाही सेल १.२१० ते १.२२० च्या आसपास, सगळे सारखे. दुसरीचे पाच सेल १.२०० च्या जवळ आणि चौथा सेल १.०८०, म्हणजे जवळजवळ पाणीच, आणि काचेच्या नळीत जे चढलं ते चहाच्या गाळासारखं तपकिरी. तिथंच कळलं, हा सेल मेला. रात्रभर तशीच ठेवली, सकाळी दुसरी बॅटरी काही न लावता १०.७ वर आलेली. चार्जर काढल्या काढल्या दिसतं ते प्लेटेवरचं वरवरचं चार्ज असतं, त्याला काही अर्थ नाही. निदान रात्र जाऊ द्या, मग व्होल्ट बघा, मग सेलवार ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवरचा आकडा) बघा, मग लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून बघायचं यंत्र) लावा. कोल्ड क्रँकिंगचा (थंडीत स्टार्टर फिरवायला बॅटरी किती अँपिअर देते त्याचा) जो आकडा बॅटरीवर लिहिलेला असतो त्याच्या निम्मा लोड १५ सेकंद दिला आणि व्होल्ट ९.६ च्या खाली गेले नाहीत तर बोला की बॅटरी चालते.

याच बॅटरीवरून पुढचा मुद्दा, "सेट चालू करून त्याच्याच चार्जिंगवर सोडा". एखाद्या ट्रकवरनं जंप देऊन (ट्रकच्या बॅटरीला केबल जोडून) सेट चालू केला असं समजा. २४ व्होल्टचा सेट साधारण २८ व्होल्टवर चार्ज करतो, दोन बॅटऱ्यांचे मिळून १२ सेल, म्हणजे सेलला २.३३ व्होल्ट, ठीक. पण एक सेल शॉर्ट असला की तेच २८ व्होल्ट ११ सेलांत वाटले जातात, सेलला २.५५, आणि तुमची जी चांगली बॅटरी आहे तिच्यावर १५.३ व्होल्ट बसतात. ती रात्रभर उकळणार, पाणी आटणार, प्लेटा उघड्या पडणार, सकाळी तुमच्याकडं एकाऐवजी दोन मेलेल्या बॅटऱ्या. वर सेटचा चार्जिंग अल्टरनेटर चार्ज असलेली बॅटरी राखायला दिलेला असतो, पार बसलेल्या दोन बॅटऱ्या भरायला नाही, तो तापून त्याचे डायोड जातात ते वेगळंच. आणि २८ व्होल्टवर एकटी १२ ची बॅटरी तर कुणी चुकूनही लावू नका.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते टाकल्यावर हायड्रोमीटर वर येतो हे खरंय, कारण पाण्यात मीठ विरघळलं की पाणी जड होतंच, पण त्यानं प्लेटेवरचं लेड सल्फेट विरघळत नाही, उलट सल्फेट असलेल्या पाण्यात आणखी सल्फेट घातल्यावर ते विरघळायला अजून नाखूश. म्हणजे बॅटरी सुधारली नाही, फक्त जे एक माप आपल्याकडं होतं तेही खोटं बोलायला लागलं. आणि हे काही आजचं नाही. अमेरिकेत एडी-एक्स२ नावाची पावडर विकली जायची, त्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेटच, तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं (सरकारी मापन-तपासणी संस्थेनं) तपासून सांगितलं की काही उपयोग नाही. त्यावरून १९५३ मध्ये सरकारनं ब्युरोचे डायरेक्टर ॲलन ॲस्टिन यांना राजीनामा द्यायला लावला, शास्त्रज्ञ खवळले, त्यांना परत घ्यावं लागलं, आणि नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनंही ब्युरोची तपासणी बरोबर ठरवली. ७० वर्षांपूर्वी निकाल लागलेली गोष्ट आपण आज मोबाईलवर पुढं ढकलतोय.

ॲसिड ओतून नवीन भरा असंही काही जण सांगतात. बसलेल्या बॅटरीतलं ॲसिड पातळ दिसतं कारण त्यातलं सल्फेट प्लेटेत गेलंय. वरनं कडक ॲसिड भरलंत आणि प्लेटेतलं सल्फेट सुटलं की ग्रॅव्हिटी नको तितकी वर जाते आणि जाळी खाल्ली जाते. ओतलेल्या ॲसिडात शिसं असतं, ते गटारीत सोडणं हा सरळ गुन्हा मानतो मी. टॉपअपला फक्त बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी नको, आरओचंही नको.

वेल्डिंगच्या झटक्याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. साधं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन एसी देतं, एसीनं बॅटरी चार्ज होत नाही, विषय संपला. डीसीवालं असलं तर प्रचंड करंट जाऊन प्लेटांचा मसाला अजून झडतो, आणि बॅटरीतनं हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. दोन वर्षांपूर्वी चिंचोळीच्या एका वर्कशॉपमध्ये उकळत्या बॅटरीवर पोरानं क्लॅम्प ठेवला, ठिणगी उडाली, झाकण पत्र्याला जाऊन आपटलं. मी दहा फुटांवर होतो. पोराच्या तोंडावर, शर्टावर ॲसिड. तेव्हा आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं म्हणून तिथं बॅरल भरून ठेवलेला होता, त्यानं वाचवलं, वीस मिनिटं त्याचे डोळे धरून धरून पाणी मारलं मग दवाखान्यात नेलं. डोळे राहिले. चेहऱ्यावर डाग आहेत, तो अजून त्या बाजूनं फोटो काढू देत नाही.

मग व्हिडिओत खरं काय? एवढंच, की उतरलेली बॅटरी बऱ्याचदा उठते. अण्णांची पहिली बॅटरी मी दुकानात आणली, एकटी, सेटपासून सोडवून, १०० एएचला (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन अँपिअर लावले, दिवसा नाही, रात्री, कारण ॲसिड ५० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नसतं आणि दुपारी आमचं शेडच ४२ ला असतं. दारं उघडी, जवळ विडी-काडी नाही, चार्जर आधी बंद मग क्लॅम्प काढायचा. तीन रात्रींत ग्रॅव्हिटी १.२५० वर आली, आपल्या उष्ण भागासाठी ती पुरेशी आहे, लोडवर १०.२ टिकली. दुसरीवर एक रात्र घालवली, चौथा सेल हलला नाही, तिसऱ्या तासाला डब्याची ती बाजू हाताला चटका देत होती, काढून ठेवली.

अण्णा म्हणाले, एकच नवी घेऊ. नाही म्हणालो. सिरीजमध्ये जुनी आणि नवी जोडली की तेच असमान वाटप परत सुरू. दोन्ही नव्या घेतल्या, मेलेली डीलरकडं जुन्या बॅटरीच्या किमतीत जमा केली, २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे ती रिसायकलिंगलाच जायला पाहिजे, भंगारात फोडायला नाही. उठलेली बॅटरी कार्यालयाच्या गेटच्या दिव्याला लावलीय, अजून चालते. सेटला मेन स्विच बसवला, आता वॉचमन दर पंधरा दिवसांनी हायड्रोमीटर लावतो आणि बाराही सेलांचे आकडे खडूनं भिंतीवर लिहून ठेवतो.