ऋण चिन्ह आणि बलाची दिशा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण लेख बारकाईने वाचून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. कूलोमच्या नियमावरील (दोन विद्युत प्रभारांमधील बल = स्थिरांक × प्रभारांचा गुणाकार ÷ अंतराचा वर्ग) गणितांत मी प्रभारांची चिन्हे गाळून केवळ परिमाणे सूत्रात घालतो, त्यामुळे आकर्षण की प्रतिकर्षण हे उत्तरावरून कळत नाही. स्थिरांक म्हणून मी सरसकट ९ अब्ज घेतो. आणि जवळजवळ ठेवलेल्या धातूच्या दोन गोळ्यांचे गणित ‘या सूत्राने सुटणारे नाही’ असे म्हणून मी सोडून दिले.

स्थिरांकाचे थोडक्यात सांगतो. त्याची अधिक अचूक किंमत सुमारे ८.९८७६ अब्ज आहे, म्हणजे फरक ०.१४ टक्क्यांचा. दिलेली माहितीच एकदोन अंकांपुरती असते, तेव्हा उत्तरात त्याहून अधिक काटेकोरपणा दाखवणे मला दिखाऊ वाटते.

चिन्हाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. चिन्हांसह गुणाकार केल्यावर येणारे ऋण उत्तर ‘हे आकर्षण आहे’ एवढेच सांगते. बल डावीकडे आहे की उजवीकडे, हे त्यातून कळत नाही. प्रभार दोनच असतील तर हा फरक खपून जातो, तिसरा प्रभार आला की तो अंगाशी येतो. एका सरळ रेषेवर डावीकडून उजवीकडे तीन प्रभार आहेत असे समजू : +४ मायक्रोकूलोम, त्यापासून २० सेंमीवर −३ मायक्रोकूलोम आणि त्याच्याही पुढे ३० सेंमीवर +५ मायक्रोकूलोम. मधल्या प्रभारावरील बल काढायचे आहे. पहिल्या प्रभारामुळे २.७ न्यूटन आणि तिसऱ्यामुळे १.५ न्यूटन बल येते. आपल्या पद्धतीने दोन्ही उत्तरे ऋण येतील आणि त्यांची बेरीज −४.२ होईल. प्रत्यक्षात पहिला प्रभार मधल्याला डावीकडे ओढतो आणि तिसरा उजवीकडे, म्हणून निव्वळ बल १.२ न्यूटन, तेही डावीकडे. म्हणूनच आधी परिमाण काढावे, मग प्रभारांची चिन्हे पाहून आकृतीत बाण काढावा आणि शेवटी बाणांची बेरीज करावी, असा माझा आग्रह आहे.

सदिश रूपात, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही सांगणाऱ्या सूत्रात, चिन्हे ठेवलीच पाहिजेत, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. तेथे एका प्रभाराकडून दुसऱ्याकडे जाणारा एकक सदिश (एक लांबीचा बाण) दिशा सांभाळतो आणि ऋण चिन्ह ती उलटवते. घोळ होतो तो अदिश, म्हणजे दिशा नसलेल्या, सूत्रातील चिन्हाला दिशा मानल्यामुळे, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत नेमके तेच घडते.

आता धातूचे गोळे. कूलोमने १७८५ मध्ये तारेच्या पिळावरून बल मोजले, तेव्हा त्याच्या गोळ्या आपसातील अंतराच्या मानाने लहान होत्या, आणि सूत्रही बिंदुप्रभारांसाठीच, म्हणजे एकाच बिंदूत एकवटलेल्या प्रभारांसाठीच, आहे. ५ सेंमी त्रिज्येच्या दोन धातूच्या गोळ्यांवर प्रत्येकी +०.२ मायक्रोकूलोम प्रभार असून केंद्रांतील अंतर १२ सेंमी असेल, तर सूत्राने ०.०२५ न्यूटन मिळतात. पण धातूत प्रभार मोकळेपणी सरकत असल्यामुळे ते एकमेकांपासून दूरच्या बाजूंना जातात आणि खरे बल याहून कमी भरते. प्रभार विरुद्ध असते, तर ते समोरासमोरच्या बाजूंना जमले असते आणि बल सूत्रापेक्षा जास्त आले असते. एवढेच नव्हे, तर दोन्ही प्रभार धन असूनही त्यांची परिमाणे फार असमान असतील, तर अगदी जवळ आणल्यावर असे गोळे एकमेकांना आकर्षितही करू शकतात! याचे अचूक उत्तर काढायला प्रतिमा-प्रभारांची (सरकलेल्या प्रभारांऐवजी गणितासाठी गोळ्यांच्या आत कल्पिलेल्या बिंदुप्रभारांची) अनंत मालिका लागते आणि ती त्या लेखाच्या आवाक्याबाहेरची होती. समान प्रभारांचे तेच दोन गोळे १ मीटर अंतरावर ठेवले असते, तर ०.०००३६ न्यूटन हे सूत्राचे उत्तर मी बिनदिक्कत लिहिले असते, कारण तेथे प्रभार सरकल्यामुळे पडणारा फरक एक टक्क्याहूनही बराच कमी असतो.